बेचिराख : राष्ट्रांच्या दारिद्र्याचा एक माळवी हिशेब

‘बेचिराख’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या पोटात एक दिवा दडलेला आहे, याचे भान आपणांस क्वचितच राहते. फारसीत ‘चिराग’ म्हणजे दिवा. सांजवेळी ज्या गावात एकाही घरी दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. आज आपण आगीने वा तोफांनी उद्ध्वस्त झालेल्या नगराला हे विशेषण लावतो. पण माळव्याच्या जुन्या वसुली कागदांत हा शब्द भेटतो तो कारकुनाच्या कोरड्या भाषेत. एका बाजूस आबाद गावे, दुसऱ्या बाजूस बेचिराग. दुसऱ्या बाजूच्या गावांकडून काही येणे नसे, कारण तेथे द्यायला कोणी उरलेले नसे.

इ. स. १८१८ नंतर मध्य हिंदुस्थानची व्यवस्था लावणाऱ्या सर जॉन माल्कमने या मुलखाविषयी जो ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात होळकरांच्या राज्यातील अशा गावांची मोजदाद दिली आहे. १८१७ साली एकंदर गावे ३,७०१, पैकी वसती असलेली २,०३८, बेचिराग १,६६३. म्हणजे शंभरांतील पंचेचाळीस गावांत दिवा नव्हता. विजेत्याने पराजिताच्या राज्याचे चित्र काळेच रंगवावे हे स्वाभाविक आहे, आणि माल्कमचे वाचन करताना ते ध्यानात ठेवलेच पाहिजे. परंतु १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटले आणि त्याच वर्षी शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्यांनी इंदूरची तीच गत केली, हे सांगायला इंग्रजाची साक्ष लागत नाही. दोन्ही बाजूंना मराठे होते आणि मधे माळव्याचा शेतकरी होता.

हा माळवा कोणता? जेथे पावलागणिक भाकरी आणि पाणी मिळते अशी ख्याती, तो. काळी, ओल धरून ठेवणारी माती. गहू, हरभरा, कापूस, अफू. नर्मदा, चंबळ, क्षिप्रा, बेतवा. राष्ट्रे दरिद्री का होतात या प्रश्नाचे पहिले उत्तर सामान्यतः असे मिळते की, जमीन नापीक, हवा प्रतिकूल, खाणारी तोंडे फार. दुसरे उत्तर त्याहून आळशी आहे : लोक उद्योगी नाहीत. तिसरे आपल्या घरात ऐकू येते : प्राक्तन. ही तिन्ही उत्तरे घेऊन माळव्यात जावे, म्हणजे ती तिन्ही तेथेच टाकून परत यावे लागते. माती तीच राहिली, पाऊस तोच राहिला, कुणबीही तोच. आणि तरी पिढी-दीड पिढीच्या आत जवळजवळ निम्म्या गावांतील दिवे विझले.

आम्ही भोपाळच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहतो, कारण या शहराच्या वेशीशी आपल्या इतिहासातील एक अत्यंत अभिमानाची घटना घडली आहे. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामुल्मुल्काला भोपाळात कोंडले. बाहेरून रसद बंद, आत धान्याची महागाई, जनावरांना वैरण नाही. अखेर १७३८ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुराई सराई येथे निजामाने तह मान्य केला. माळव्याचा संपूर्ण सुभा, नर्मदा व चंबळ यांमधील मुलखाचे स्वामित्व आणि खर्चाबद्दल बादशहाकडून पन्नास लक्ष रुपये, ही त्याची मुख्य कलमे. शाळेत हा तह शिकताना आपली छाती फुगते, आणि ती फुगू नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र तहातील ‘स्वामित्व’ या शब्दाचा गावच्या पाटलाच्या दृष्टीने अर्थ काय झाला, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. कागदावर हे प्रमाण राक्षसी नाही. पण चौथाई घेणाऱ्याने मुलखाच्या बंदोबस्ताची जबाबदारी घेतलेली नसे. ती दुसऱ्या कोणाची तरी होती, आणि तो दुसराही आपला हिस्सा मागतच होता. शिवाय मुलूखगिरी चाले ती कर्जावर. बाजीरावांच्या पत्रांत शत्रूइतकाच सावकारांचा उल्लेख येतो. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे पेशव्यांचे गुरू तसेच धनकोही होते, हे देवस्थानांचे हिशेब जाणणाऱ्या आमच्या वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते. धर्मसत्ता आणि अर्थसत्ता यांची गाठ काही आजचीच नव्हे. फौज उभी करायला कर्ज, कर्ज फेडायला पुढील सालच्या वसुलावर वरात, वरात पटवायला पुन्हा फौज. या रहाटगाडग्यात गावाचे पुढील वर्ष आधीच विकलेले असे.

येथे एका गोष्टीचा खुलासा अवश्य केला पाहिजे, नाही तर आम्ही आपल्याच पूर्वजांवर अन्याय करू. माळव्यात मराठे कायमचे लुटारू म्हणून राहिले नाहीत. पहिल्या धामधुमीनंतर कमाविसदार नेमले गेले, गाववार जमाबंदी झाली, पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला पहिली काही वर्षे हलका व मग क्रमाने चढता सारा ठरवून इस्तावे दिले गेले, बी-बैलांसाठी तगाई वाटली गेली. आणि या सर्वांच्या आरंभी असे तो कौल. कौल म्हटला की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे देवाच्या अंगाला लावलेली पाकळी येईल. सरकारचा कौलही त्याच जातीचा : तुम्ही या, जमीन करा, ठरल्यापेक्षा जास्त आम्ही घेणार नाही, असे शब्दाने बांधून घेणे. पाकळी एका बाजूस पडल्यावर दुसऱ्या बाजूचा निकाल सांगणाऱ्या देवळात दुसऱ्या दिवशी कोण जाईल? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्यातील कितीतरी मराठी अंमलदारांनी हा कौल पाळला, म्हणूनच तेथील वसूल वाढला.

अहल्याबाईंचे नाव येथे सर्वांस आठवेल. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी महेश्वरातून राज्य केले. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये त्यांनी उभारले. सोमनाथापासून गयेपर्यंत त्यांची देवळे, घाट, धर्मशाळा आहेत, आणि देवभक्त वाचक त्यांना त्यासाठीच वंदन करतो. आम्हांस त्याहून वंदनीय वाटते ती एक हिशेबातील शिस्त. हा धर्मखर्च त्या खासगीतून करीत, दौलतीतून नव्हे. दौलतीचा पैसा दौलतीचा आणि खासगीचा खासगीचा, अशी दोन खाती निराळी ठेवणारा राज्यकर्ता ज्या देशाला सलग अठ्ठावीस वर्षे लाभतो, तेथे विणकर माग घालतात. महेश्वरी लुगडे आजही विणले जाते. माल्कमसारख्या परक्या आणि हिशेबी माणसाने या बाईंविषयी जे भक्तिभावाने लिहिले, ते देवळांकडे पाहून नव्हे.

पुढे काय झाले ते वर आलेच आहे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलती दरसाल जास्त बोली करणाऱ्यास मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात त्याचे वर्णन आहे. ज्याला मामलत एकाच वर्षापुरती मिळते, त्याने विहिरीची डागडुजी का करावी? झाडाला पुढल्या साली फळ येणार असेल तर ते तोडून लाकूड विकणे हेच त्याचे शहाणपण. उत्तरेत त्याचीच उग्र आवृत्ती म्हणजे पेंढारी. त्यांतील टोळ्यांना शिंदेशाही आणि होळकरशाही अशीच नावे होती, याचा अर्थ उघड आहे. फौजेला पगार द्यायचा नाही, लुटीची परवानगी द्यायची; राज्याचा खर्च वाचला असे खजिन्याला वाटे, आणि तो खर्च गावे भरीत.

भोपाळने हे सर्व अंगावर घेतले. नर्मदेच्या खोऱ्यातील पेंढाऱ्यांचे तळ त्याच्या सरहद्दीला लागूनच होते. १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी महिनोगणती शहर वेढले. वजीर महंमदखानाने ते कसेबसे राखले. १८१८ मध्ये भोपाळने कंपनीशी तह केला, त्यात नवल ते काय? मराठ्यांच्या भीतीने संस्थाने इंग्रजांच्या पदराआड गेली, हे वाक्य आपल्या इतिहासग्रंथांतून फार घाईने उरकले जाते.

या भोपाळात पुढे जे घडले ते आमच्या विषयाला फार उपयोगी आहे. १८१९ पासून १९२६ पर्यंत येथे जवळजवळ सलग स्त्रियांचा कारभार होता. त्यांतील सिकंदर बेगम १८४० च्या दशकात प्रथम आपल्या मुलीच्या वतीने कारभार पाहू लागली, तेव्हा राज्य कर्जात बुडालेले होते. तिने सहा वर्षांत सर्व राजऋण फेडले. मक्त्याने वसूल देण्याची रीत बंद केली. व्यापारी व कारागीर यांना मिळणारे मक्ते मोडले. टाकसाळ आपल्या हाती घेतली. पोलीसखाते नव्याने बांधले. तिने खाण शोधली नाही की शेजारचा मुलूख जिंकला नाही. महेश्वरच्या शिवभक्त विधवेने आणि भोपाळच्या नमाजी बेगमेने, एकमेकींचे तोंड कधी न पाहता, साधारण एकच गोष्ट केली : घेणाऱ्याचा हात कोठे थांबतो, हे देणाऱ्याला आधी कळू दिले.

तथापि चांगला कारभार म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही या संस्थानानेच दाखविले. १८९१ मध्ये साडेनऊ लाखांहून अधिक असलेली भोपाळ राज्याची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसहा लाखांच्या थोडी वर उरली. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होते. दुसरा ‘छपन्या’ या नावाने माळवा-राजस्थानात आजही ओळखला जातो, कारण तो विक्रम संवत १९५६ चा. रेल्वे आलेली होती, शांतता होती, पेंढारी केव्हाच इतिहासजमा झाले होते. मग एवढी माणसे कोठे गेली? दादाभाई नौरोजींचा दारिद्र्यावरचा प्रसिद्ध ग्रंथ नेमका १९०१ चाच. देशातून संपत्ती बाहेर जाते आणि तिच्या मोबदल्यात काही परत येत नाही, हा त्यांचा मुख्य सिद्धांत; त्यापूर्वी साठ वर्षे, १८४१ मध्ये, मुंबईचे भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी वर्तमानपत्रांतून तेच निर्भीडपणे लिहिले होते. शांततेतही झिरपून जाणारे धन लुटीइतके दिसत नाही. पण दुष्काळाच्या वर्षी कणगीत हात घातल्यावर ते गेल्याचे कळते.

अफूचे उदाहरण घ्यावे. माळव्याची अफू चीनला जाई. कंपनीला बंगालच्या अफूचा एकाधिकार जपायचा होता म्हणून तिने माळव्याच्या मालाची वाट अडवू पाहिली. तेव्हा तो माल राजस्थान-सिंधमार्गे कराचीस व तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला. १८४३ मध्ये सिंध जिंकून ती वाट इंग्रजांनी आपल्या हाती घेतली आणि पेटीमागचा कर पायरीपायरीने चढवीत नेला. या धंद्यात आपण गोमंतकीय नव्हतो असे कोणी समजू नये. पणजीच्या म्हामाय कामतांच्या पेढीचे जे दप्तर संशोधकांनी अभ्यासले, त्यात अफूच्या व्यापाराचे कागद आहेत. माळव्याच्या कुणब्याने चीक गोळा केला, सावकाराने आगाऊ रक्कम देऊन तो आधीच बांधून घेतला, आणि नफा मुंबई, दमण, मकाव, लंडन अशा ठिकाणी वाटला गेला. आपल्या देवळांच्या समया त्या शतकात कोणकोणत्या पैशाने उजळल्या, याचा शोध घेणे फारसे सुखावह होणार नाही.

आता नजर दूर टाकू. संयुक्त राष्ट्रांनी १९७१ पासून सर्वांत कमी विकसित देशांची एक यादी ठेवली आहे. बांगलादेशाचे नाव तीत १९७५ मध्ये आले. मोगल काळात हिंदुस्थानातील सर्वांत संपन्न सुभ्यांत ज्याची गणना होई, तोच हा पूर्व बंगाल. दिवाणी १७६५ मध्ये कंपनीकडे गेली, १७७० मध्ये भीषण दुष्काळ पडला, आणि मलमल विणणाऱ्यांचा पुढे काय शेवट झाला ते सर्वज्ञात आहे. परंतु बंगाली आई आजही बाळाला निजविताना जे भय घालते, ते इंग्रजाचे नसते. ते ‘बर्गीं’चे असते. बर्गी म्हणजे आपले बारगीर; १७४२ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी पश्चिम बंगालात जो हाहाकार केला त्याची ही स्मृती. अंगाईगीतात आपले नाव या रीतीने अडकावे, ही गोष्ट आमच्या मनाला फार लागते. बंगालचे दारिद्र्य मराठ्यांनी निर्माण केले असे कोणी म्हणणार नाही, आणि ते खरेही नाही. पण हिशेबाच्या वहीत आपले पान आहे.

खंडणी हा शब्द केवळ आपल्याकडचा, असेही नाही. कॅरिबियन समुद्रातील हैती बेटावर गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळविले. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजे पाठवून त्यांच्याकडून पंधरा कोटी फ्रँक भरपाई कबूल करून घेतली. भरपाई कशाची, तर मुक्त झालेल्या माणसांच्या ‘मालकां’ची. पहिला हप्ता भरण्यासाठी पॅरिसच्याच पेढ्यांकडून कर्ज काढावे लागले. पुढे १८३८ मध्ये रक्कम नऊ कोटींवर आणली गेली, तरी त्या व्यवहारातून निघालेल्या कर्जांचे शेपूट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वळवळत राहिले. आफ्रिकेतील कांगो तर १८८५ ते १९०८ पर्यंत बेल्जमच्या राजाची अक्षरशः खासगी मिळकत होती. तेथे रबराचा कोटा न भरणाऱ्या गावांचे जे झाले, ते वाचवत नाही. अहल्याबाईंची खासगी आणि लिओपोल्डची खासगी, शब्द एकच! त्या कांगोच्या भूमीत तांबे, कोबाल्ट, हिरे सारे आहे.

हिरे बोट्स्वानातही सापडले, १९६७ मध्ये, स्वातंत्र्यानंतर एकाच वर्षाने. गुरे पाळणारा, बहुतांशी वाळवंटी असा तो देश १९७१ च्या त्या पहिल्या यादीत होता, आणि १९९४ मध्ये यादीतून बाहेर पडणारा तो पहिला ठरला. खाणीचा पैसा राज्याच्या खात्यात ठेवला गेला, शाळा-रस्त्यांवर खर्च झाला. तेथेही गरीब-श्रीमंतांतील अंतर मोठे आहे आणि हिरे काही पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे त्या देशाची आरती ओवाळण्याची घाई आम्ही करणार नाही. पण नापीक जमिनीचे कारण मात्र त्याने कायमचे निकालात काढले आहे.

भोपाळहून सुमारे अठ्ठावीस किलोमीटरवर भोजपूर आहे. अकराव्या शतकात परमार भोजराजाने तेथे शिवमंदिराचा आरंभ केला आणि ते अपुरेच राहिले. आत प्रचंड शिवलिंग आहे, भोवतालच्या खडकांवर स्थपतींनी कोरलेले आराखडे आहेत, आणि दगड वर चढविण्यासाठी रचलेला मातीचा उतार मंदिरामागे आजही दिसतो. या ठिकाणी डोंगरांमधील खिंडी बांधाने बुजवून एक विशाल सरोवर केलेले होते. एका इंग्रज अधिकाऱ्याने गेल्या शतकापूर्वीच्या शतकात त्याचा विस्तार अडीचशे चौरस मैल अजमावला. पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशहाने तो बांध फोडला. लोककथा सांगते की, फोडायला फौजेला तीन महिने लागले, तळे रिकामे व्हायला तीन वर्षे लागली आणि तळाची जमीन वस्तीजोगी व्हायला तीस. ज्यांच्या गावी खाजन आहे, त्यांना या कथेचा अर्थ उलगडून सांगायला नको. एका भरतीला बांध फुटला आणि मानशीचे दार वेळेवर पडले नाही, तर खारे पाणी किती वर्षे शेतातून निघत नाही, हे गावकरीच्या सभेत बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असे. म्हणूनच बांधाचा खर्च वाटणीच्या आधी बाजूला निघे. भोजाचाच म्हणून सांगितला जाणारा दुसरा तलाव भोपाळ शहरात आहे. तो फोडला गेला नाही. शहराच्या मोठ्या भागाला आजही तो पाणी पाजतो.

त्याच शहरात १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करून ठेवलेली होती, वायू जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त होता. कारखाना तोट्यात होता आणि काटकसर चालू होती. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या कारखान्याला चिकटलेल्या वस्त्यांतून राहणारे बहुतेक हातावर पोट असलेले लोक. मृतांची संख्या सरकारी मोजणीनेही हजारांत जाते. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला, आणि १९८९ च्या फेब्रुवारीत सत्तेचाळीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ज्यांचे फुप्फुस गेले, त्यांना तडजोडीपूर्वी कोणी विचारले नाही. दुराई सराईच्या तहातही नर्मदा-चंबळेमधल्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते. दोन्ही प्रसंगांची तुलना अतिरेकाची आहे असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही. भोपाळात राहणाऱ्याला ती सुचते, इतकेच.

राहिला प्रश्न दिवा पुन्हा लागण्याचा. माल्कमने दिलेली ती यादी १८१७ वर संपत नाही. होळकरांचा कारभार तात्या जोगांच्या हाती आला, पेंढारी मोडले, कौल पुन्हा दिले गेले. १८१८ मध्ये २६९ गावे वसली. १८१९ मध्ये ३४३, आणि १८२० मध्ये ५०८. ५४३ अद्याप ओस होती. ही परतणारी माणसे कोण होती, तेही त्याने नोंदविले आहे. कित्येक गावांचे लोक वीस-पंचवीस वर्षांपूर्वी परागंदा झालेले. मूळ पाटील परमुलखात मेलेला, कोठे त्याचा मुलगाही गेलेला. पण पाटीलकीचा वारसा कोणी विसरले नव्हते. आपले पूर्वज कुठ्ठाळीहून श्रीमंगेशाला आणि केळशीहून शांतादुर्गेला घेऊन नदीपार अंत्रुजेत गेले, तेव्हा घरदार सुटले तरी देव आणि मान ज्यांचे त्यांचेच राहिले, तसेच काहीसे हे होते. माळव्यातील त्या जथ्यांच्या पुढे, कोणाच्या तरी कडेवर वा खांद्यावर, नातू-पणतू असलेले तान्हे पाटील चालविले जात. गावाशी पोचल्यावर पडक्या भिंती आणि रान माजलेली शेते ज्याची त्याने ओळखली, तंटा न करता ताब्यात घेतली, आणि थोड्याच दिवसांत औत चालू झाले.